कॅनडाची चौकशी

आमच्या गुहागरकडे मुलगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. मुलगा काय करतो, घर कौलारू की स्लॅबचं, ते सगळं मागाहून. आधी गाव बघायचं. आमच्या रखमाबाईच्या वेळेला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमचा बाप सकाळीच त्या गावात जाऊन न्हाव्यापुढे बसला. दाढी करून घेतली, गप्पा मारल्या. तिथून उठला तो थेट वरच्या वाडीतल्या दुसऱ्या न्हाव्याकडे. तो म्हणाला, "काका, दाढी कुठाय करायला?" बाप म्हणाला, "असेल तिथं फिरव." एक न्हावी खोटं बोलेल, दोन बोलणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. घरी आला तेव्हा गाल सोललेले होते. पण लग्न ठरलं, आणि बहीण आजपावेतो सुखात आहे.

मी सातवी नापास माणूस. जे शिकलो ते असंच बघून. एकोणतीस वर्षं झाली, मस्कतात पंप खोलतोय आणि बसवतोय. पंपाचा आवाज ऐकून सांगतो की बेअरिंग गेलंय का सील गेलंय. पण अख्खा देश कसा पारखायचा, ते काय मला कोणी शिकवलं नव्हतं.

झालं असं, मागची नाही, त्याच्या आधीची थंडी. आमची यशश्री एका संध्याकाळी मोबाईल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. नर्स आहे ती. जन्म इथला, शाळा इथली, नर्सिंग तेवढं बेळगावला जाऊन केलं, आणि परत येऊन रुवीतल्या एका दवाखान्यात लागली. मराठी बोलते, पण दगडावरून पाय टाकत ओढा ओलांडल्यासारखी.

"बाबा, मला कॅनडाची ऑफर आलीय. ओल्ड पीपलचं होम आहे. सस्कॅचवानमध्ये."

"कशात?"

"सस्कॅचवान. प्रॉव्हिन्स आहे."

"मग?"

"मग मला जायचंय. बट तुम्ही नको बोललात तर मी नाही जाणार. पंधरा तारखेपर्यंत आन्सर द्यायचंय."

आता असं बोलल्यावर बापानं काय करायचं? भांडली असती तर मी पण भांडलो असतो. मला जमतं ते. पण तिनं सगळं ओझं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि आपण मोकळी झाली. एकुलती एक पोर. मी म्हटलं, "बघू. चौकशी करतो."

मीराबाई, म्हणजे आमची बायको, आतून म्हणाली, "कुठं करणार चौकशी? विमानानं जाऊन दाढी करून येणार?"

दुसऱ्या दिवशी मी हे तय्यबला सांगितलं. आमचं वर्कशॉप वादी अदाईला, डोंगराच्या अगदी बुडाशी. तय्यब तिथला स्टोअरकीपर, आमच्या शेजारच्याच गावचा. आम्ही दोघं एकाच वर्षी इथं आलो. आता तो कायमचा गावी गेलाय, कलमं बघतो आणि मला रोज आंब्याच्या मोहराचे फोटो पाठवून जाळतो. पण तेव्हा होता. त्याच्यासारखा माणूस शेजारच्या टेबलावर असला की नोकरी ही नोकरी वाटत नाही.

"अरे जना, चौकशीला जातोस कुठं? वर बसलाय की एक!"

वर म्हणजे वरच्या मजल्यावर. ग्लेन. पंपांचा इंजिनियर, कंपनीनं दोन वर्षांसाठी आणलेला. सहा फुटाच्या वर उंच, नाक कायम लाल, आणि केबिनचा एसी सोळावर. आमचा मल्याळी क्लार्क त्याच्याकडे फाईल न्यायची असली की मफलर बांधून जायचा. मी तोपर्यंत त्याला अमेरिकन समजत होतो. गोरा दिसला की आपण अमेरिकन म्हणून मोकळे होतो.

"आणि हे ऐक," तय्यब मोबाईल पुढे धरून म्हणाला. त्याचा पुतण्या नबील टोरंटोला ट्रक चालवतो, त्यानं गंमत म्हणून काहीतरी पाठवलं होतं. "कॅनडावाल्यांबद्दल लोक काय काय बोलतात ते. धक्का तुम्ही मारा, सॉरी ते म्हणणार. दार उघडून धरून उभे राहणार. हॉर्न वाजवणार नाहीत. खाण्यावर कसला तरी पाक ओतणार. कोणाची गाडी अडकली की थांबणार..."

"असलं कुठं खरं असतं? आपल्याबद्दल नाही म्हणत लोक, कोकणातला माणूस म्हणजे तिरसट, चिकट, भांडकुदळ?"

"मग खोटं आहे का?" तय्यब म्हणाला.

मी विषय बदलला.

पण डोक्यात बसलं ते. हे खरं निघालं तर पोरीला धाडायला हरकत नाही, असं मी मनाशी ठरवलं. खोटं निघालं तर नाही. चहाच्या वेळेला वर जाऊन ग्लेनला विचारलं, "सर, सस्कॅचवान कसं आहे?" आमचं बोलणं मोडक्या इंग्लिशमधलं आणि हातवाऱ्यातलं, पण तुम्हाला मी मराठीत सांगतो. तो म्हणाला, मी कधी गेलोच नाही. त्याचं घर न्यू ब्रन्सविकला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडीनं गेलं तर चार-पाच दिवस लागतात. घ्या! चौकशी करायची गुहागरची आणि माणूस सापडला आसामचा. वर म्हणतो, "पण चांगले असतील ते लोक. सॉरी हं." सॉरी कशाबद्दल, ते त्यालाच ठाऊक.

तरी होता तेवढाच साक्षीदार. त्याच्यावरच भागवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तो खाली पंप बघायला आला. मी मुद्दाम मागे सरकल्यासारखं केलं आणि त्याच्या पायावर पाय दिला. माझ्या पायात सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपी असलेले. त्याच्या पायात कापडी बूट. माणूस मिरचीसारखा लाल झाला. डोळ्यात पाणी आलं. आणि म्हणतो काय, "ओह, सॉरी, जनार्दन." वर माझं नाव नीट म्हणता आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सॉरी. मग लंगडत मागे गेला तो कंप्रेसरवर आपटला, आणि कंप्रेसरलाही म्हणाला.

तय्यब रॅकच्या मागे तोंडात रुमाल कोंबून बसला होता. "मशीनला, जना! मशीनला सॉरी म्हणाला!"

मला मात्र घरी जाईपर्यंत लाज वाटत राहिली. त्याचा अंगठा काळानिळा पडला होता म्हणे.

दाराचं तर आम्हाला काही करावंच लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या दाराशी तो माझ्यापुढे होता. दार ओढून धरलं, मला आत जाऊ दिलं. मागून तय्यब आला. त्याच्या मागून वेल्डर, त्यांच्या मागून शेजारच्या गॅरेजची पोरं, मग दोन पठाण ड्रायव्हर. दार धरलंय म्हटल्यावर कोण थांबतो? गोठ्यात गुरं शिरावीत तसे सगळे आत शिरले, आणि हा प्रत्येकाकडे बघून हसतोय. आत आला तेव्हा मासे संपले होते. ताटात डाळ घेतली, आणि वाढणाऱ्याला सॉरी म्हणाला, त्याला माशाचं भांडं पुन्हा खरवडायला लावलं म्हणून.

मग हॉर्न. वर्कशॉपच्या गल्लीत एक पाण्याचा टँकर आडवा लावून ड्रायव्हर टपरीवर चहा पीत बसला होता. मागे ग्लेनची गाडी. आपल्यातला कोणी असता तर हॉर्नवर बसला असता, त्या ड्रायव्हरच्या आजोबांपर्यंत पोचला असता. हा वीस मिनिटं तसाच बसून. शेवटी मीच जाऊन टँकर हलवायला लावला आणि ग्लेनला विचारलं, "का नाही वाजवला?" तो म्हणाला, "दमलेला दिसत होता बिचारा."

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. यशश्री हसून हसून आडवी झाली. "बाबा, तुम्ही त्याला टॉर्चर करताय!"

मीराबाई हसली नाही. म्हणाली, "अहो, असं लपूनछपून काय बघता? जेवायला बोलवा. पानावर बसलेला माणूस लपत नाही."

म्हणून मग शुक्रवारी सकाळी ग्लेनला अल अमेरातला आमच्या घरी नाश्त्याला बोलावला. दाराशी आला आणि पहिल्यांदा बूट काढले. कोणी सांगितलं नाही, बोललं नाही. मीराबाईनं माझ्याकडे असं बघितलं, की अर्धी चौकशी तिथंच संपली. मी स्वतः कधी कधी बूट घालून किचनपर्यंत जातो, त्यावरून आमच्यात वीस वर्षं वाद आहे.

तिनं घावन केले होते. पातळ, जाळीदार, सोबत नारळाचा रस. ग्लेननं पिशवीतून एक बाटली काढली, आतमध्ये काळसर तांबूस पाक. म्हणाला, घरून आईनं पाठवलाय, तिकडच्या एका झाडाच्या रसाचा, तुमच्यासाठी भेट. मग घावन बघितला आणि लहान पोरासारखं त्याचं तोंड उघडं राहिलं. विचारलं, यावर थोडं घालू का? आणि घातलं की! नारळाचा रस बाजूलाच राहिला. यशश्रीनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, बघू तरी, आणि माझ्याही घावनावर चमचाभर घेतला.

काय सांगू तुम्हाला. काकवी. थोडी धुरकट, थोडी वेगळी, पण जिभेला लागली ती काकवीच. माझी आई घावनाबरोबर वाटीत काकवी द्यायची, आणि वाटी चाटली की पाठीत धपाटा. ते घर आता नाही, आई नाही, आणि तो गोडवा माझ्याकडे परत आला तो कुठून, तर त्या बर्फातल्या झाडातून.

मी ग्लेनला विचारलं, हे काढतात कसं? त्यानं बोटानं दाखवलं. झाडाला भोक पाडायचं, खाली बादली टांगायची, थेंब थेंब रस पडतो. त्याचा आजा काढायचा. पहाटे बादल्या बदलायला हा लहानपणी आजाबरोबर जायचा.

"अरे, ही तर माडी!" मी ओरडलो.

आमचा बाप माडावर चढायचा. पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, छाटून तिला मडकं बांधायचा, आणि खाली मी दुसरं मडकं घेऊन उभा. वरून बाप विचारायचा, "आहेस का रे?" मी म्हणायचो, "आहे." एवढंच आमचं बोलणं. झाडावरचा माणूस आणि खालचा माणूस. हे मी ग्लेनला सांगायला गेलो, माडाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते यशश्रीनं सांगितलं, आणि बाकीचं मी खुर्चीवर चढून दाखवलं. तो म्हणाला, "माझा आजाही फार बोलायचा नाही."

तो गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन बसलो. बाप आठवत होता. मी पहिल्यांदा इकडे यायला निघालो तेव्हा बाप शेजारच्या गावात अलीमियाँकडे गेला होता. अलीमियाँ तय्यबचे चुलते, मस्कतात वीस वर्षं काढून परतलेले. बापानं मला बरोबर नेलं होतं. ओटीवर बसून त्यांना विचारलं, "अरब माणसं कशी असतात हो?"

अलीमियाँ म्हणाले, "घराला आग लागलेली सांगायला आला ना, तरी आधी तब्येत विचारणार, मग बापाची, मग पोरांची, मग आग. आणि कॉफी ओतत राहतील. कप हातानं हलवलास तरच थांबतील. नाहीतर मरशील."

बाप हसला नाही. त्यानं दुसरं विचारलं, "खायला काय घालतात?" मग तिसरं, "आजारी पडला तर?" मला तेव्हा राग आला होता. चांगला बावीस वर्षांचा घोडा मी, आणि बाप दुसऱ्याच्या ओटीवर बसून माझ्या जेवणाची चौकशी करतोय!

अलीमियाँचं सगळं खरं निघालं. आलो त्याच आठवड्यात अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, घरी पंप बसवायला गेलो. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, बसवलं, इवलासा कप दिला. कप हलवायचा हेच मी विसरलो. अकरा कप प्यालो. रात्रभर छताकडे बघत पडलो होतो, छाती अशी उडत होती. पण त्या अर्बाबनं माझी तब्येत विचारली, बापाची विचारली, आईची विचारली. घर सोडल्यापासून तेवढंच कोणीतरी विचारलं होतं.

असो. तर चौकशीचं. सगळं खरं निघालं होतं. तरी मी घरात हो म्हणेना. तारीख बारा झाली. यशश्री ड्युटीवरून आली की माझ्याकडे एकदा बघायची आणि आत जायची.

मी मीराबाईला म्हटलं, "अजून एक राहिलंय. अडकलेल्या गाडीला थांबतात म्हणे. ते बघतो."

ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला त्या माणसाची परीक्षा नाही घ्यायची. तुम्हाला तो नापास व्हायला हवाय."

"काहीतरीच काय!"

"पोर गेली की घरात आपण दोघंच. मला काय कळत नाही?"

मी चप्पल घातली आणि खाली जाऊन उगीच गाडी पुसत बसलो.

शनिवारी ग्लेन कुरियातच्या बाजूला कुठल्या तरी वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रात, पोहायला जायचा आणि चारच्या सुमाराला अमेरातवरून परतायचा. तय्यबला घेऊन मी तीन वाजता त्या रस्त्याला जाऊन उभा राहिलो. माझी जुनी गाडी कडेला लावली, बॉनेट उघडलं, आणि दोघंही चेहरे पाडून उभे.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. सत्तावीस वर्षं इथं राहून विसरलो, म्हणजे बघा. ओमानात तुम्ही बॉनेट उघडं ठेवून पाच मिनिटं एकटे उभे राहू शकत नाही.

पहिली थांबली ती पिकअप, मागे दोन बकऱ्या. म्हातारा उतरला. "सलाम अलैकुम. कैफ हालक? घरचे कसे आहेत? क्या मुश्किल, रफीक?" मी म्हटलं, काही नाही बाबा, इंजिन गरम झालंय. त्यानं पाण्याचा कॅन काढून दिला आणि हलेचना. गरम गाडी सोडून कसा जाऊ म्हणाला. त्याला समजावून लावला तर दुसरी गाडी. आत आख्खं कुटुंब, बाईनं खिडकीतून खजुराचा डबा दिला. तिसरा पोरगा, लँडक्रूझरवाला. त्यानं काही विचारलंच नाही, थेट दोर काढला आणि माझ्या गाडीला बांधायला लागला. तय्यब त्याच्या हातातून दोर सोडवतोय आणि तो परत बांधतोय!

"जना, यांच्यात तो कॅनडावाला थांबला तरी दिसणार कसा?" तय्यब खजूर खात म्हणाला. "इथं जत्रा भरलीय."

मला आली अक्कल. म्हटलं, गाडी रस्त्यावरून खाली घेऊ. वादीच्या खडीत, जरा आडोशाला. घाईत जाणाऱ्याला दिसणार नाही, मुद्दाम बघेल त्यालाच दिसेल. म्हणजे परीक्षा जरा कडक. खाली घेतली. वीसेक फूट गेली असेल, आणि भस्सकन मागची दोन्ही चाकं खडीत. अ‍ॅक्सिलरेटर दिला तशी अजून खाली. उतरून बघितलं तर गाडी पोटावर बसलेली, म्हशीसारखी.

"खलास," तय्यब म्हणाला. "आता खरंच अडकलो. आणि मघाशी तिघांना हाकलून दिलं."

हातानं खडी उपसून बघितली. जेवढी काढू तेवढी आत येते. नखं फुटली. अर्धा तास झाला, वरून गाड्या सरसर जात होत्या, कोणाला आम्ही दिसत नव्हतो. फोन करायचा तर कोणाला, आणि सांगायचं काय?

चार वाजून गेले आणि वरती एक गाडी पुढे गेली, थांबली, आणि मागे आली. ग्लेन उतरला. ओला टॉवेल गळ्यात, पायात सपाता. वरूनच ओरडला, "सॉरी! मदत हवीय का?"

तय्यब माझ्या कानात म्हणाला, "मदत पण सॉरी म्हणून विचारतो."

त्यानं डिकी उघडली आणि आतून फावडं काढलं. रुंद, निळं, प्लास्टिकचं, बर्फ ओढायचं फावडं. मस्कतात! मी विचारलं, हे कशाला ठेवतोस? तो जरा लाजला. म्हणाला, "सवय. आमच्याकडे गाडीत नसलं तर चुकल्यासारखं वाटतं." आणि लागला ओढायला. त्याचं तंत्र बघण्यासारखं होतं. चाकापुढची नुसती उपसायची नाही, उतार करायचा, पोटाखालची आधी मोकळी करायची. मग गाडीतली पायाखालची चटई काढून चाकाखाली दिली. मी स्टिअरिंगवर, ते दोघं मागून. यल्ला, यल्ला करत गाडी वर आली. ग्लेन डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा झालेला.

आम्ही वर रस्त्याकडेला बसलो. मी म्हाताऱ्यानं दिलेलं पाणी त्याच्यापुढे धरलं. तो प्यायला आणि मग विचारलं, "पण तुम्ही खाली उतरलात कशाला?"

तय्यब काहीतरी थाप मारणार होता. मी त्याला थांबवलं. काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. पोरीची ऑफर, आमच्याकडची चौकशी, पायावर मुद्दाम दिलेला पाय, आजची गाडी. माझं इंग्लिश जिथं संपलं तिथून तय्यबनं पुढे नेलं. सांगताना मान वर करवत नव्हती.

मला वाटलं उठून जाईल. त्यानं सपातेतली खडी झटकली. मग विचारलं, "तो पाय, मुद्दाम?"

"मुद्दाम. सॉरी," मी म्हटलं. आयुष्यात वरच्या साहेबाला मी पहिल्यांदा मनापासून सॉरी म्हटलं असेन.

तो हसला. मग हसणं थांबलं आणि म्हणाला, "खरंच चौकशी करायचीय तर एक ऐक. माझी आई एकटी राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. थंडीत ती उठायच्या आधी कोणीतरी येऊन तिच्या दारापुढचा बर्फ काढून जातं. दरवर्षी. वडील गेले तेव्हापासून, अकरा वर्षं. कोण काढतं ते तिला अजून माहीत नाही. पण त्या अकरा वर्षांत शेजारचं कोणी आत येऊन चहा प्यालेलं नाही." त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. "आम्ही असे आहोत. मदत करतो आणि पळतो. तुझ्या मुलीला पहिल्या थंडीत वाटेल की तिच्याशी कोणाला काही घेणंदेणं नाही. तसं नसतं. पण दार तिलाच ठोठावावं लागेल. आमच्यानं ते होत नाही."

शेजारून गाड्या जात होत्या. तय्यबनं खजुराचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

चौकशीला आलेल्या माणसाला गाव नेहमी चांगलंच सांगतं. विहिरीला पाणी आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. आपल्या घरातलं उणं आपल्या तोंडानं कोण सांगतो? या माणसानं आपल्या आईचं सांगितलं. मला आता अजून काही विचारायचं उरलं नव्हतं. म्हणजे नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, असंच म्हणा.

घरी पोचलो तेव्हा दोघी चहा घेत होत्या. माझे कपडे बघून मीराबाईनं कप खाली ठेवला. मी यशश्रीसमोर बसलो.

"तिकडे लोक चांगले आहेत," मी म्हटलं. "दार धरतील. बर्फ काढून देतील. पण घरात येणार नाहीत. चहाला तूच बोलवायचं. पहिल्यांदा नाही आले तर दुसऱ्यांदा बोलवायचं. आपलं हे मस्कत नव्हे, की बॉनेट उघडलं आणि चार जण धावले. कळलं?"

"बाबा, म्हणजे... जाऊ?"

"आणि रडू आलं तर रड. पण मग तोंड धू आणि शेजारणीचं दार वाजव. सॉरी-बिरी म्हणत बसू नको, नुसतं वाजव."

तिनं मोबाईल उचलला. अंगठा वर धरून थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. "शुअर ना, बाबा?"

"दाब," मी म्हटलं.

तिनं दाबलं. एवढासा आवाज झाला, टुक असा.

हाताला खडीची धूळ होती म्हणून मी उठून बेसिनवर गेलो. साबण लावला. नखं दुखत होती. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी मी नळ चालू ठेवला, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. बाहेरून मीराबाईची हाक आली, "अहो, टँकरचं पाणी आहे ते." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "असू दे. धुवा."